धर्मकाटा, तुर्भे

रात्रीचे सव्वादहा. पाट्यावर बटाट्याचा ट्रक
आणि फोनवर घणसोलीहून शलाका :
बाबा, नीती म्हणजे काय? उद्या वही द्यायचीय.
अर्थ, विरुद्धार्थी, त्या शब्दाचे नातेवाईक,
आणि वाक्यात उपयोग.
थांब, म्हटलं, आधी ग्रॉस घेऊ दे.

सव्वीस हजार आठशे चाळीस.
लाल आकडे जरा चुळबुळतात, मग बसतात.

रद्दीतून आणलेला कोश तिच्या मांडीवर,
'क'पर्यंतची पानं नाहीत, पण 'न' शाबूत.
ती वाचते : मूळ धातू नी. नेणे.
एवढंच?
एवढंच. त्यातूनच नेता, नायक, विनय,
अभिनयपण, बाबा!
आणि नेत्र. डोळा, कारण तो नेतो.
मग न्याय?
तो दुसऱ्या घरचा. दिसतो सारखा, पण नाही.
मी हसलो. बाहेर तासगावचा मुजावर ड्रायव्हर
पावतीसाठी काचेवर टकटक करत होता.

म्हणजे नीती नेते.
कुठे, ते कोशात दिलेलं नाही.

सदाचार लिही, म्हटलं. चारित्र्य लिही.
ती शोधते : दोन्ही 'चर'मधून. चालणे.
सगळे चालते-फिरते शब्द,
आणि मी इथे बारा वर्षं बसून.
इमान लिहू का? ते बाहेरून आलंय.
लिही. आलं आणि राहिलं.
चाड? भीड? लाज?
लाज लिही. भीड नको,
भिडेपायी माणूस काय काय करतो.

माझी आई दिवाळ्याला मासळीचे वाटे लावायची.
नीती हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.
गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की हाक मारायची,
वाट्यावर आणखी दोन बोंबील टाकायची.
मापात पाप नको, म्हणायची,
आणि खवले लागलेला हात पदराला पुसायची.
हे लिहू? शलाका विचारते.
हे व्याकरणात बसत नाही गं.

विरुद्धार्थी सोपा आहे, ती म्हणाली. अनीती.
नुसता एक अ.

तो अ केवढा, मला माहीत आहे.
मागच्या डिसेंबरात पहाटे एक रिकामी गाडी आली टेअरला.
केबिनच्या खिडकीत दोन तळवे, क्लीनर झोपलेला.
मी पाहिले. प्रिंटचं बटण दाबलं.
गाडी जितकी जड, तितका माल हलका :
ग्रॉस वजा टेअर, उरतं ते नेट.
मग पोरगा जांभई देत खाली उतरला
आणि आकडे साठने खाली आले.
साठ किलो. कुणाचे तरी.
पावती चारशे सतरा कुठल्या गावाला गेली,
मी विचारलं नाही.
भूपतशेठच्या माणसाने पेनखाली पाचशेची नोट सरकवली.
त्यातून एक कंपासपेटी आली,
आत्ता तिच्यातली पट्टी धरून
शलाका समासाची रेघ ओढतेय.
मला फोनवर ऐकू येतं.

काटा दहाच्या आतलं मोजत नाही.
माणसाला तेवढंही लागतं, हीच पंचाईत.

वाक्य राहिलं, बाबा.
सकाळी सांगतो. झोप.

चार वाजता मुजावर गाडी रिकामी करून आला.
डोळे लाल, तंबाखूची पुडी उघडी.
खिडकीत पुन्हा तळवे. वेगळे, लहान,
एका टाचेला भेग.
तो म्हणाला, राहू दे की, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.
खरंच लागला होता.
मी उठलो, बाहेर गेलो, दार वाजवलं.

ए बाळा, उतर. दोन मिनिटं.

पोरगं पाट्याबाहेर उभं राहिलं,
अंगाभोवती चादर, उभ्या उभ्या डुलत.
आकडे हलले. बसले.

पावती फाडून दिली.
शलाकाचं वाक्य मात्र
अजून सुचलेलं नाही.